मापाची खुर्ची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे अब्बा शिंपी होते. कराडच्या बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक कपाट आणि खिळ्याला टांगलेली टेप. जून महिना आला, की गणवेश शिवायला गर्दी व्हायची. मुलाला पुढं ढकलत प्रत्येक आई एकच वाक्य बोलायची, "मास्तर, वाढत्या अंगाचं माप घ्या." अब्बा तसं घ्यायचे. शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडायचे. शिंपीकामात या जादा कापडाला 'माया' म्हणतात. पुढच्या वर्षी शिवण उसवून ती माया बाहेर काढली, की तोच सदरा आणखी एक साल चालायचा. गरिबाघरचं हे शहाणपण माझ्या अंगात असं मुरलेलं, की २०१५ साली आपासाठी चाकाची खुर्ची मापानं करून घ्यायची वेळ आली तेव्हा माप घेणाऱ्या माणसाला मीच म्हणालो, "जरा सैल असू द्या. पुढं अंग भरलं तर?"

त्या एका वाक्यापायी माझ्या बहिणीला तीन महिने पालथं पडून राहावं लागलं.

आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका होती. २०१३ साली दुचाकीवरून पडली, पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालची सगळी जाणीव गेली. पहिली खुर्ची एका शिबिरात फुकट मिळाली होती. हार घातला, फोटो निघाला आणि खुर्ची घरी आली. तिची बैठक १८ इंच रुंद आणि आपा किरकोळ बांध्याची. परातीत लिंबू ठेवावं तशी ती त्या खुर्चीत दिसायची. पाठ टेकेना, हात चाकापर्यंत पोचेनात. त्यात ती खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आत जात नव्हती. म्हणून तिनं स्वतःच्या पगारातून मापाची खुर्ची मागवायचं ठरवलं. कर्जावर घर घेणारी माणसं जशी महिनोन् महिने त्या घराबद्दल बोलतात, तशी ती त्या खुर्चीबद्दल बोलायची. तिचं मागणं मात्र एवढंच होतं, की दुसऱ्याला हाक न मारता न्हाणीघरात जाता यावं.

ती खुर्ची का बिघडली हे समजून घेता घेता मी या वस्तूच्या इतिहासात शिरलो. बी.ए.ला माझा इतिहासच विषय होता. पण त्यात सिंहासनं पुष्कळ होती, चाकाची खुर्ची कुठं नव्हती. गंमत अशी, की या खुर्चीचा इतिहासही सुरू होतो तो एका राजापासूनच.

तसं चीनमध्ये सहाव्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर चाकं लावलेली खुर्ची कोरलेली आहे. पण जिची बारकाईनं काढलेली आकृती आणि माहिती आपल्याला मिळते, ती खुर्ची स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची, १५९५ सालची. हा फिलिप म्हणजे अर्ध्या जगाचा धनी. १५८० नंतर पोर्तुगालही त्याच्याकडे आला होता, त्यामुळे त्या काळात आपला गोवाही त्याच्याच अमलाखाली होता. गाऊटच्या दुखण्यानं त्याला चालवेना. मग त्याच्यासाठी खास खुर्ची झाली. पाठ हवी तितकी मागं कलती करता यायची, पाय ठेवायला वर उचलणारी फळी, घोड्याच्या केसांनी भरलेली गादी. माप अर्थातच राजाचं. चाकं मात्र एवढीशी. बसलेल्या माणसाच्या हाताला ती लागतच नसत. एवढा मोठा बादशहा, पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला त्याला नोकर लागायचा. आपल्याकडे 'खुर्ची' म्हटलं की सत्ता आठवते. मूळचा अरबी 'कुर्सी' हा शब्द मराठीत येऊन तसा झाला खरा, पण फिलिपच्या खुर्चीला ती सत्ता नव्हती.

ती मिळवली एका घड्याळजीनं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावचा स्टीफन फार्फलर. लहानपणीच्या अपघातानं त्याचे पाय निकामी झालेले. १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यानं स्वतःसाठी तीनचाकी गाडी बनवली. पुढच्या चाकावर दातेरी चक्र आणि ते फिरवायला हातांचे दांडे. आपल्याकडे सिग्नलला जी हातानं चालवायची तीनचाकी सायकल दिसते, तिची ही आजी. घड्याळाचे दाते एकमेकांत कसे बसतात हे रोज पाहणाऱ्या माणसालाच हे सुचावं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बनवणारा आणि बसणारा एकच होता. माप घ्यायला त्याला कुणाला बोलवावं लागलं नाही, आणि चुकलं तर दुरुस्तीला पुन्हा तोच.

पुढची दोन-अडीच शतकं मात्र खुर्ची पुन्हा ढकलणाऱ्याच्या सोयीची झाली. इंग्लंडमध्ये बाथ नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, तिथं दुखणेकरी लोक स्नानाला जात. त्याच गावच्या जॉन डॉसननं १७८३ साली जी खुर्ची काढली ती 'बाथ चेअर' म्हणून गाजली. मागं दोन मोठी चाकं, पुढं एक लहान, दिशा वळवायला एक दांडा, आणि ओढायला किंवा ढकलायला माणूस. एका खुर्चीत आज हा बसणार, उद्या तो. तिथं कुणाच्या मापाचा प्रश्नच येत नव्हता. बसणाऱ्याच्या हाताला लागतील अशी मोठी चाकं लावलेल्या खुर्चीचं पेटंट अमेरिकेत १८६९ साली निघालं. त्याच सुमारास तिथल्या यादवी युद्धात जायबंदी झालेले सैनिक लाकडी आणि वेताच्या खुर्च्यांवर घरोघर बसून होते. या खुर्चीच्या इतिहासातली जवळजवळ प्रत्येक सुधारणा कुठल्या तरी लढाईच्या पाठोपाठ आलेली आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, पोलिओसारख्या आजारानं गाठलं आणि पाय गेले. त्या काळच्या वेताच्या अवजड खुर्च्या त्यांना नको होत्या. त्यांनी जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घेतली, तिला चाकं लावून घेतली. हातसुद्धा नाहीत अशी ती अरुंद, सुटसुटीत खुर्ची घरातल्या निरुंद बोळांतून आणि दारांतून जायची. रुंदी म्हणजे काय हे त्यांना नेमकं कळलं होतं. लोकांनी मात्र त्यांना खुर्चीत बघू नये, यासाठी त्यांनी जन्मभर धडपड केली. त्यांची खुर्चीतली छायाचित्रं अगदी मोजकी आहेत.

आज आपण रेल्वे स्टेशनवर, दवाखान्यात जी घडीची खुर्ची बघतो ती १९३३ सालची. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचा एक खाण-अभियंता. १९१८ साली खाणीतल्या अपघातात त्याचा कणा मोडला. त्याची तक्रार एकच होती, की खुर्ची मोटारीत मावत नाही. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज यंत्र-अभियंता होता. दोघांनी मिळून पोलादी नळ्यांची खुर्ची तयार केली. बैठकीखाली फुलीसारख्या दोन दांड्या, आणि मधलं कापड वर ओढलं की खुर्ची मिटते. वजन पन्नासेक पौंड, म्हणजे बावीस-तेवीस किलो. पण ती मोटारीत मावली, आणि एव्हरेस्ट घराबाहेर पडला. दोघांनी कारखाना काढला, 'एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज'. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर हीच खुर्ची झाली. अजूनही हीच आहे. एका मित्रानं एका मित्रासाठी केलेली वस्तू सगळ्या जगाचं माप होऊन बसली.

त्यातही एक मेख आहे. खुर्ची मिटायची तर बैठक टणक असून चालत नाही, ती कापडाची किंवा रेक्झिनची हवी. आणि कापड म्हटलं की आज ना उद्या त्याची झोळी होणार. झोळीत बसलं की मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते, कणा वाकतो. चालताबोलता माणूस पाच मिनिटांत कूस बदलतो. ज्याला जाणीवच नाही तो बदलत नाही. जिथं हाड टेकतं तिथलं रक्त अडतं, कातडी लाल होते, काळी पडते, फाटते. यालाच डॉक्टर 'प्रेशर सोअर' म्हणतात, आपले लोक बेडसोअर म्हणतात. ही साधी जखम नव्हे. 'सुपरमॅन'चं काम केलेला नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. पैशाची, नर्सेसची कमतरता नव्हती. २००४ साली तो गेला तेव्हा अशाच एका चिघळलेल्या जखमेवर उपचार चालू होते.

पहिल्या महायुद्धापर्यंत कणा मोडलेला सैनिक बहुधा वर्ष-दोन वर्षांत याच जखमांनी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानं जायचा. डॉक्टरांनी ते धरूनच टाकलेलं होतं. हे मान्य न करणारा माणूस म्हणजे लुडविग गुटमन. जर्मनीतून हिटलरच्या छळामुळे १९३९ साली इंग्लंडला आलेला ज्यू डॉक्टर. १९४४ साली स्टोक मँडव्हिल इथं त्याच्याकडे कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग आला. त्याचा पहिला हुकूम होता, की प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. म्हणे तो स्वतः अपरात्री वॉर्डात येऊन बघायचा. माणसं जगायला लागली. जगली म्हणजे बसणार, आणि बसणार म्हणजे खुर्ची लागणार. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, त्यानं खुर्चीवर बसलेल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचं बीज तिथलं.

त्या बीजाचा एक वेल आपल्या सांगली जिल्ह्यातही आला. पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक घेतलं, भारताचं पहिलं. सरकारला त्यांची आठवण यायला २०१८ उजाडलं, तेव्हा पद्मश्री मिळाली. सैनिकांसाठी पुण्यात सोयी तशा जुन्या आहेत. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, आणि खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ चं. मुलांसाठी मुंबईत फातिमा इस्माईल या बाईंनी १९४७ साली काम सुरू केलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता, त्या धडपडीतून हाजीअलीचं मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. आणि कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तर घराघरात आहे. सोळाव्या वर्षी खुर्चीत बसलेल्या या बाईंनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. आपल्या आत्मकथेचं नावही त्यांनी 'चाकाची खुर्ची' असंच ठेवलं. आपानं ते पुस्तक अपघातानंतर वाचलं आणि बरेच दिवस उशाशी ठेवलं होतं.

खुर्च्या बनवण्याचं मोठं सरकारी काम कानपूरला १९७२ साली स्थापन झालेल्या कृत्रिम अवयव निर्माण महामंडळाकडे गेलं. १९८१ पासून साहित्य वाटपाची केंद्र सरकारची योजनाही आहे. तिच्यामुळे लाखो लोक जमिनीवरून उठून खुर्चीत बसले, हे आधी कबूल केलं पाहिजे. पण शिबिराच्या मांडवात ओळीनं मांडलेल्या खुर्च्या आणि ओळीनं बसलेली माणसं, अशा ठिकाणी कोण कुणाचं माप घेणार? आम्हाला मिळालेली १८ इंची खुर्ची अशीच होती. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, हा आपला संस्कार आड येतो. आपा दोन वर्षं काही बोलली नाही.

आता आमच्या मापाच्या खुर्चीकडे येतो. दुकानाचा माणूस घरी आला. भला मुलगा होता, चहा घेतला, आपाची चौकशी केली. ती खाटेवर आडवी होती, तसंच त्यानं माप घेतलं, साडीवरून. कंबर भरली पंधरा इंच. खरी साडेतेरा होती. त्यावर माझं ते वाक्य आलं. त्यानं कागदावर सतरा लिहिलं. मग मागून गुडघ्याच्या लवणीपर्यंत टेप धरली, अठरा इंच. तेही तसंच लिहिलं. उशीचं विचारलं तर म्हणाला, "उशी नंतर घ्या साहेब, ती वेगळी मिळते." कागदावर सही माझी आहे.

साडेचार महिन्यांनी खुर्ची आली. निळा चकचकीत रंग, हलकी. आपाला बसवलं. तिनं इकडं हात फिरवला, तिकडं फिरवला आणि म्हणाली, "मुन्ना, ये किसकी कुर्सी लाया?"

हिशेब अगदी सोपा होता, पण तो आम्हाला नंतर कळला. घडीच्या खुर्चीची बाहेरची रुंदी बैठकीपेक्षा साधारण आठ इंच जास्त असते, कारण दोन्ही बाजूंची चाकं आणि कडी त्यात येतात. बैठक पंधराची असती तर खुर्ची तेवीस इंच झाली असती. सतराची झाली म्हणून ती पंचवीस इंच झाली. आमच्या न्हाणीघराचं दार दोन फुटांचं. म्हणजे ज्या एका कामासाठी तिनं पैसे साठवले तेच काम अडलं, आणि तेही एका इंचानं. माझ्या मायेच्या दोन इंचांतला तो एक इंच.

बैठकीची लांबी तर याहून घातक निघाली. मांडीची लांबी अठरा असेल तर बैठक सोळाची हवी. गुडघ्यामागं दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. तशी नसली तर बैठकीची कड लवणीत रुतते, आणि माणूस आपोआप पुढं घसरतो. मग बसणं ढुंगणाच्या हाडांवर राहत नाही, माकडहाडावर येतं. त्यात नंतर तीन इंचांची उशी आणली. ती ठेवल्यावर आपा तीन इंच वर उचलली गेली आणि पाय पायपट्टीवरून अधांतरी लोंबायला लागले. लोंबणारे पाय अंगाला आणखी पुढं ओढतात. पाचव्या आठवड्यात भाचीला आपाच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटानं दाबला तरी तो पांढरा होईना. आठ दिवसांत तिथं जखम झाली.

दुकानाला फोन केला. "कस्टम ऑर्डर परत घेत नाही, साहेब. माप तुमच्याच समोर घेतलंय." खोटं नव्हतं ते.

अमेरिकेतही ग्राहकाची गत फार वेगळी नव्हती. एव्हरेस्ट अँड जेनिंग्जचा धंदा एवढा वाढला, की १९७७ साली तिथल्या सरकारनं कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. तो पुढं तडजोडीनं मिटला. पण खुर्ची खऱ्या अर्थानं बदलली ती बसणाऱ्यांनी. १९७८ साली कॅलिफोर्नियात मॅरिलिन हॅमिल्टन ही तरुणी हँग ग्लायडर घेऊन डोंगरावरून उडाली आणि कोसळली. कंबरेखाली लुळी झाली. मिळालेल्या अवजड पोलादी खुर्चीला ती कंटाळली. ग्लायडर बनवणारे दोन मित्र तिच्या ओळखीचे होते. ज्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे पंख करता तिचीच खुर्ची करा, असा तिनं आग्रह धरला. त्यांनी २६ पौंडांची, म्हणजे बाराएक किलोची खुर्ची करून दिली. पुढं तिघांनी त्याचाच धंदा केला, 'क्विकी' या नावानं. माणसाच्या मापानं, मनाजोगत्या रंगात. हॅमिल्टन पुढं व्हीलचेअर टेनिसमध्ये दोनदा यू.एस. ओपन जिंकली.

दुसरा राल्फ हॉचकिस. कॉलेजात असताना, १९६६ साली, मोटारसायकलच्या अपघातात त्याचे पाय गेले. हा गडी १९८० मध्ये निकाराग्वाला गेला, तर तिथं चार मुलं एकच खुर्ची पाळीपाळीनं वापरताना दिसली. आयात केलेल्या खुर्च्या खडबडीत रस्त्यांवर मोडायच्या आणि त्यांचे सुटे भाग मिळायचे नाहीत. त्या मुलांनीच खुर्चीत काही युक्त्या केल्या होत्या. त्यांच्याकडून शिकत त्यानं गावातल्या लोहाराला, सायकलवाल्याला जमेल अशी खुर्ची आखली. तिचं नाव 'व्हर्लविंड', वावटळ. नकाशावर कुणाची मालकी ठेवली नाही. ती खुर्ची पुढं कितीतरी गरीब देशांत स्थानिक साहित्यात तयार झाली. फार्फलर, हॅमिल्टन, हॉचकिस. तिघंही आधी खुर्चीत बसले आणि मग त्यांनी खुर्ची केली.

हे सगळं मी वाचत होतो ते आपाच्या खाटेशेजारी बसून. ती पालथी पडलेली, हनुवटीखाली उशी, समोर मुलांच्या वह्या. शाळेनं रजा मंजूर केली होती. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही, हे तेव्हा १९९५ च्या कायद्यानं बजावलेलं होतं, तेवढा आधार होता. एका दुपारी मी तिला म्हणालो, "आपा, ते सैल ठेवायचं मी बोललो होतो." ती वही तपासत म्हणाली, "माहीत आहे. मी तिथंच होते." आणि पुढची वही घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली खुर्चीच्या सेवेबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. माणूस योग्य ठिकाणी पाठवण्यापासून त्या सुरू होतात, मग तपासणी आणि माप, मग कुठली खुर्ची ते ठरवणं, पैशाची तजवीज आणि ऑर्डर, खुर्ची जुळवणं, ती अंगावर बसवून बघणं, वापरायला शिकवणं आणि नंतर पुन्हा पुन्हा बघत राहणं. वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. अब्बांना हे सगळं येत होतं. लग्नाचा कोट ते कच्च्या टाक्यांवर ट्रायल घेतल्याशिवाय कधी पुरा करत नसत. गिऱ्हाइकाला बसायला लावत, वाकायला लावत. आमच्या खुर्चीची ट्रायल झालीच नाही. आठातल्या तीन पायऱ्या झाल्या असतील फार तर.

शेवटी कोल्हापूरच्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी आपाला लाकडी बाकावर ताठ बसवलं, पाय जमिनीला टेकवून, गुडघे काटकोनात. आधी उशी बाकावर ठेवली आणि मग मापं घेतली. कंबरेच्या दोन्ही बाजूंना सपाट वह्या उभ्या लावून वह्यांमधलं अंतर मोजलं. पायाचं माप चप्पल घालून. पाठीचं माप खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत, म्हणजे चाक मारताना पातं मोकळं राहतं. मग त्याच निळ्या खुर्चीला त्यांनी ठाकठीक केलं. झोळीखाली प्लायवुडची फळी, पाठीमागं दोन इंचांचा फोम, दोन्ही कडांना पट्ट्या, पायपट्टीच्या नळीला सायकलवाल्याकडून वरती नवीन भोक. मोठ्या चाकाचा आस थोडा पुढं घेता आला असता, त्यानं खुर्ची हलकी चालते. पण जास्त पुढं घेतला तर चढावर माणूस उताणा पडतो, म्हणून तो तसाच ठेवला. फोम आणि झोळीचं शिवणकाम मी अब्बांच्या मशीनवर केलं. बाहेरची रुंदी मात्र कशानंच कमी होईना, फुलीच्या दांड्याच बदलाव्या लागल्या असत्या. मग गवंड्याला बोलावून न्हाणीघराची चौकट काढली. आजही तिथं दार नाही, पडदा आहे.

दुसरी खुर्ची २०१७ साली केली, याच मापांनी. दोनदा ट्रायल झाली. ती चौदा इंची आहे. तिच्यावर बसून आपानं २०२२ पर्यंत शाळा केली आणि निवृत्त झाली.

आता आपल्याकडेही दिवस बदलताहेत. मद्रास आयआयटीतून २०२१ साली 'निओफ्लाय' नावाची खुर्ची निघाली, ती अठरा तऱ्हांनी माणसागणिक बेतता येते. २०२५ मध्ये तिथूनच नऊ किलोची खुर्ची आली. तालुक्याच्या गावी माप घेणारा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र अजून तिथंच आहे. आमच्या भागात त्याचं उत्तर सध्या आपा आहे. तिच्याकडे अब्बांची टेप आहे, लाकडी बाक आहे आणि चौथीच्या उर्दू पुस्तकाचे दोन जुने गठ्ठे आहेत, कंबरेला लावायला. खुर्ची मागवायच्या आधी लोक तिच्याकडे येतात.

मागच्या महिन्यात मसूरकडून एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलाला उचलून घेऊन आल्या. मी टेप हातात दिली. बाई म्हणाल्या, "मॅडम, वाढत्या अंगाचं घ्या. पोरगं अजून वाढतंय." मी आपाकडे बघितलं नाही. आपानं त्यांना समजावलं, की लहान मुलांसाठी फ्रेम पुढं वाढवता येईल अशी मिळते, पण बैठक आजच्याच मापाची घ्यायची. मग मुलाला विचारलं, "उशी कुठंय तुझी?"

उशी आणलेली नव्हती. तिनं टेप गुंडाळून ठेवली. त्या रविवारी उशी घेऊन पुन्हा आले.